चूलबंद आवतण

आश्रुबा गुरवानं नेहमीसारखंच आवतण फिरवलं, आणि तिथंच सगळं चुकलं. पण त्याला बोल लावायचा तरी कसा? भुजंगरावांनी त्याच्या हातात अक्षतांची पिशवी दिली आणि म्हणाले, "आपल्या घरचा दस्तूर तुला ठावा हाय." दस्तूर त्याला ठाऊक होताच. करंजगव्हाणात कदमांच्या घरचं लग्न म्हणजे चूलबंद. घरटी एक माणूस असला कंजूषपणा नाही, की नुसते बापेही नाहीत. घरातलं तान्हं लेकरूसुद्धा लग्नघरी जेवणार, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही. पेटवली तर तो लग्नघराचा अपमान.

आश्रुबा उंबऱ्या-उंबऱ्याला अक्षता ठेवत गेला. "रुख्मिणीचं लगीन हाय, चूलबंद हाय," एवढं सांगून पुढच्या दाराला. लग्न गावात नाही, दोन कोसांवर गंगाखेडला हॉलात आहे, हे साऱ्यांना माहीत होतं. पण चूलबंद आणि हॉल ही दोन जनावरं एका दावणीला बांधता येतात का, हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. मुलीच्या बापाच्या, भुजंगरावांच्याही नाही.

हॉल भुजंगरावांच्या धाकट्या भावाचा, दत्तरावांचा. गंगाखेडच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. बहात्तरच्या दुष्काळानं गावोगावची लग्नं पाच माणसांत उरकायला लावली, तेव्हा त्यांच्या डोक्यात हे शिरलं. एका छपराखाली लग्न लावा, सभा भरवा, बियाण्याचं प्रदर्शन मांडा, पडदा लावून सिनेमा दाखवा. दारावर पाटी लागली, ‘कै. बायनाबाई कदम बहुउद्देशीय सभागृह’. बायनाबाई म्हणजे दोघा भावांची आई. आख्ख्या तालुक्याला ते नाव बोलायला जड गेलं, म्हणून लोक नुसतं ‘हॉल’ म्हणायला लागले.

हॉलानं गंगाखेडचं भलं केलं, यात खोटं काही नाही. समोर चहाची हॉटेलं निघाली, फुलवाला बसला, बँडवाल्यांनी शेजारीच खोली घेतली, टांगेवाले दोन घास सुखाचे खायला लागले. इकडं करंजगव्हाणात मात्र आश्रुबाच्या बायकोनं पळसाच्या पत्रावळी लावणं सोडलं, कारण हॉलात पत्रावळी परभणीहून गठ्ठ्यानं यायच्या. कुंभाराच्या लग्नमडक्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. परटिणीच्या पायघड्या पेटीत पडून राहिल्या. आणि मारुतीच्या देवळात गावकीची जी तांब्याची मोठाली भांडी होती, ती दत्तरावांनी देवळावर नवे पत्रे घालून देण्याच्या बोलीवर हॉलात नेली. गावानं ती खुशीनं दिली. लग्नं गावात होणारच नाहीत, तर भांडी काय चाटायची? गाडीत ती भांडी भरताना भुजंगरावांनी स्वतः हात लावला होता.

*

भुजंगरावांच्या बायकोला, नर्मदाबाईला, हॉलच हवा होता. सरजाबाईशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या विधवा बहिणीशी, त्यावरून महिनाभर तिची धुसफूस चालली होती.

"मांडव दारात पायजे," सरजाबाई म्हणायच्या. "लेकीची पाठवणी परक्याच्या दारातून करतेत का?"

"परकं कामून, आक्का? भावजींचाच हॉल हाय की."

"नाव आपलं आसून काय करायचं? तिथं उद्या दुसऱ्याचं लगीन, परवा तिसऱ्याचं. तिथल्या भितीला आपली कुनाची वळख हाय का?"

"भितीची वळख घिऊन काय करू? सारवून सारवून माजी कंबर गेली. आत्याबाईच्या राज्यात म्या या घरातली सगळी लग्नं काढली. दळन, कांडन, पान्याच्या घागरी. एक लगीन मला पाव्हनीसारकं बगू द्या."

त्यात खोटं काही नव्हतं, हे सरजाबाईंनाही ठाऊक होतं. भुजंगरावांनी बायकोची बाजू घेतली. सरजाबाई म्हणाल्या, "तुमचं तुमी बगा. मी गावासंगं येईन, ट्रॅक्टरात बसून. बोलावणं आलं की."

बोलावणं. तिकडच्या गावात ही एक गोष्ट पक्की. आवतण चार दिवस आधी येवो, नाहीतर आठ. पंगतीची वेळ झाली की लग्नघरून माणूस पुन्हा आला पाहिजे, ‘चला’ म्हणाला पाहिजे. त्याच्याशिवाय कुणी उठून जात नाही. न बोलावता गेला तो हावरा. गाव आणायला दत्तराव ट्रॅक्टर धाडणार, ट्रॅक्टरवाला पारापाशी येऊन ‘चला’ म्हणणार, असं ठरलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नर्मदाबाई खरंच पाहुणीसारखी हॉलात शिरली. फरशीवर पाय पोळत नव्हते. वर पंखे फिरत होते. आचाऱ्यानं तिला कशाला हात लावू दिला नाही. लोखंडी खुर्चीवर बसून ती लेकीकडं बघत राहिली आणि तिला मनापासून सुख वाटलं. ते सुख पुढं तिला कधी बोलून दाखवता आलं नाही.

*

वऱ्हाड चुडाव्याचं. त्यांची गाडी पूर्णा स्टेशनावर अडकून बसली. मुहूर्त टळला, भटजींनी दुसरा काढला. दत्तराव आत-बाहेर करत होते. दुपारनंतर हॉल त्यांनी शेतकऱ्यांच्या एका मेळाव्याला देऊन ठेवला होता. लग्न सकाळीच उरकेल, मधे झाडलोट होईल, दोन्ही कार्यक्रम सुखानं पार पडतील, असा त्यांचा हिशेब. माणूस वाईट नव्हता. धंद्यातल्या माणसाला रिकामं छप्पर बघवत नाही, एवढंच.

"दत्ता, ट्रॅक्टर कवा धाडायलास?" भुजंगरावांनी विचारलं.

"दादा, पाव्हन्यायची पंगत उठू द्या. आत्ता गाव आनलं तर बसवायचं कुटं? पाव्हने उभे आन् आपली मानसं जेवायलीत, बरं दिसंल का?"

"गावाची चूलबंद हाय, दत्ता."

"ठावं हाय की. जरा दम धरतेत. आपलीच मानसं हायेत."

भुजंगराव "बरं" म्हणाले. त्या एका ‘बरं’चा पस्तावा त्यांना मरेस्तोवर पुरला. आपलीच माणसं म्हणून ज्यांना थांबवायचं, तीच माणसं त्या दिवशी परकी झाली.

पहिली पंगत पाहुण्यांची बसली. भुजंगराव ओळीतून आग्रह करत फिरत होते, तर कडेला पंडित गुरुजी जेवत बसलेले. पंडित करंजगव्हाणच्याच बौद्ध वस्तीतला, गंगाखेडला शाळेवर होता. दत्तरावांनी त्याला छापील पत्रिका दिली होती.

"गुरुजी, सावकाश होऊ द्या," भुजंगराव म्हणाले.

"होय दादा." पंडितनं घास थांबवला. "एक बोलू का? राग मानू नका. गावात मांडव आसता तर मी आलो नसतो."

"आसं कामून म्हनताव?"

"तुमचं चूलबंद ओढ्याच्या अलीकडं असायचं, दादा. पलीकडं ते कधी आलंच नाही. आमच्या आज्याला पंगती उठल्यावर हाळी यायची, तीबी मांडवाच्या भाईर. छप्पन सालापासून आमच्या लोकांनी ते बंद केलं. आज तुमच्या घरच्या लग्नात मी पहिल्यांदा सगळ्यांच्या ओळीत बसलो. हा हॉल झाला ते आमाला वाईट वाटत नाही, एवढंच सांगायचं होतं."

चूलबंद म्हणजे आख्खं गाव, असं भुजंगराव जन्मभर छाती फुगवून सांगत आले होते. त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि गुरुजींच्या पानात जिलबी वाढायला लावली. दुसरं काय करणार होते?

पंगत उठली. भुजंगराव व्याह्यांच्या पानसुपारीला अडकले. तोवर मेळाव्याची माणसं यायला लागली होती, छातीवर बिल्ले लावलेली, लांबलांबच्या गावांहून उन्हात आलेली. हॉलात पानं मांडलेली दिसली आणि कोणीतरी त्यांना "बसा, बसा" म्हणालं. गावातल्या मांडवात असं झालं असतं तर पोरंसोरंसुद्धा म्हणाली असती, की हा आपला नव्हं. हॉलात कोण कुणाचं, ओळखायचं कसं? दारातून आत आला तो पाहुणा.

नर्मदाबाईनं बघितलं तेव्हा वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन फिरत होते. ती लगबगीनं दिराकडं गेली.

"भावजी, ही कोन मानसं?"

दत्तरावांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मेळाव्याची हायेत, वैनी."

"गावाचं अन्न हाय ते."

"आता बसलीत, वैनी. खात्या मानसाला उठवू कसं?"

"मग गाव काय खाईल?"

खात्या माणसाला उठवायचं नाही, हेही खरंच होतं. ज्या बायनाबाईचं नाव दारावर होतं, तिनंच ते दोघा लेकांना शिकवलं होतं.

ती पंगत उठली तेव्हा तळाचा करपलेला भात आणि थोडी बुंदी उरली होती. मेळाव्याचे लोक खुर्च्या मांडायला लागले. माईकवर कोणीतरी "हॅलो, हॅलो" करून बघत होतं, आणि त्या आवाजात रुख्मिणी आईच्या गळ्यात पडून रडली. आईचं लक्ष लेकीकडं नव्हतं. ट्रॅक्टर तिथंच, हॉलामागच्या लिंबाखाली, उभा होता.

*

सरजाबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या पारावर माणसं, ओसरी-ओसरीला बायका, पोरांचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. वैशाखाचं ऊन. थट्टा चालली होती. कुणी म्हणालं, "दत्तरावचा ट्रॅक्टर शिकाया गेलाय वाटतं." हसले सगळे.

दुपार झाली तशी थट्टा थांबली. पोरं भुणभुणायला लागली. आश्रुबाची सून लेकराला घेऊन सरजाबाईंकडं आली.

"आक्का, शिळी भाकर तेवढी हाय घरात. लेकराला दिऊ का?"

"दे की बाई. मला कामून इचारायलीस?"

"तसं न्हाई. चूलबंद हाय नव्हं."

"शिळ्याला काय चूल लागती? दे."

सरजाबाई उठल्या आणि आपल्या घरात गेल्या. चुलीपाशी बसल्या. काटक्या होत्या, पीठ होतं. त्यांनी काडेपेटी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. लग्नघरानंच आधी चूल पेटवली, तर गावानं काय समजायचं? त्याही उपाशीच बसून राहिल्या. ‘उठा, पेटवा चुली, कोन येत न्हाई,’ असं ओरडून सांगावं, असं त्यांना दहादा वाटलं. पण ते सांगायचा अधिकार भावाचा. आणि कोण जाणे, सांगावं आणि तेवढ्यात ट्रॅक्टर यावा.

ऊन कलल्यावर ओढ्यापलीकडून तानुबाई आली, पंडित गुरुजींची आई. टोपल्यात भाकरी, वर चटणी. पाराच्या अलीकडंच थांबली आणि म्हणाली, "मोठ्यायचं मी म्हनत न्हाई. लेकरायचे जीव कळवळायलेत, मला आयकू येतंय. त्यायला देऊ का?"

पारावरचं कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. तानुबाईनं टोपलं खाली ठेवलं. हळूहळू चार पोरं सरकत सरकत तिकडं गेली, मग आणखी गेली. त्यांच्या आया दुसरीकडं बघत बसल्या. सरजाबाईंना वाटलं, उठावं आणि आपणही एक भाकर घ्यावी. त्या उठल्या नाहीत. पुढं जन्मभर हे त्यांना आठवायचं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

*

लेकीला गाडीत बसवून, दिवस मावळताना भुजंगराव, नर्मदाबाई आणि दत्तराव ट्रॅक्टरातून गावाकडं निघाले. ओढ्याच्या उताराला नर्मदाबाई एकदम म्हणाली, "अवो, गावावर धूर दिसंना."

रोज या वेळेला गावावर निळसर धूर लोळत असायचा. आज ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तेवढा होता. गाव कोरडंठाक. दत्तरावांनी मान खाली घातली.

"मला वाटलं, रांधून खाल्लं आसंल एव्हाना," ते पुटपुटले.

"तुला वाटलं," भुजंगराव म्हणाले. "गावात ऱ्हायला असतास तर आसं वाटलं नसतं."

वेशीतून ट्रॅक्टर शिरला तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी शिवी दिली असती, दगड मारला असता, तर बरं वाटलं असतं. एक म्हातारा पुढं आला आणि विचारता झाला, "बराबर झालं नव्हं दादा लगीन? पोरगी सुखानं गेली?"

"गेली," भुजंगराव म्हणाले.

सरजाबाई दारातच होत्या. नर्मदाबाई त्यांच्याजवळ गेली आणि लेकीला निरोप देताना न आलेलं रडू तिला तिथं आलं.

"आक्का, माजंच चुकलं. मला सुख पायजे होतं."

"गप," सरजाबाई म्हणाल्या. "रडून पोट भरतंय का कुनाचं? उठ, पिठलं-भाकरी करू. जेवढ्याला पुरंल तेवढ्याला."

"आख्ख्या गावाला? कशात रांधायचं, आक्का?"

गावाचं अन्न शिजेल एवढं भांडं गावात राहिलं नव्हतं. ते गंगाखेडला घासून उपडं घातलेलं होतं, उद्याच्या लग्नासाठी.

"उद्या मी घालतो गावजेवन," दत्तराव म्हणाले. "समद्यायला ट्रॅक्टरनं नेतो हॉलात."

"हॉलाचं नाव काढू नगस, दत्ता," सरजाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

भुजंगरावांनी फेटा काढून ओट्यावर ठेवला आणि बोडक्या डोक्यानं ते बाहेर पडले. ज्या दारांना आश्रुबानं अक्षता ठेवल्या होत्या, त्या प्रत्येक दाराशी ते गेले. हात जोडायचे आणि म्हणायचे, "चुली पेटवा. माजं चुकलं." आपलं आवतण आपल्याच तोंडानं परत घ्यायचं. घराघरातून गोडच उत्तर आलं. "आसू द्या दादा." "व्हतंय, लगीनघर हाय." "भूकच न्हाई बगा उन्हाची." एकाही माणसानं त्यांना चार शब्द सुनावले नाहीत, आणि एकाही घरानं ‘बसा’ म्हटलं नाही.

त्यांच्या पाठीमागं एकेक चूल पेटत गेली. गावावर धूर आला. भुजंगराव घरी येऊन ओट्यावर बसले, आणि नर्मदाबाईनं पुढं केलेल्या ताटाकडं त्यांनी बघितलंही नाही.

*

मृगाच्या आधी आश्रुबा पुन्हा दाराशी आला. हातात अक्षता. त्याच्या नातीचं लग्न होतं.

"ये आश्रुबा," भुजंगराव ताडकन उठले. गेल्या महिनाभरात त्यांच्याकडं आपण होऊन आलेला हा पहिलाच माणूस. "कुटं करायलास लगीन? मांडवाला काय लागंल ते सांग. मेढी देतो, बैलं देतो."

"हॉलात हाय, दादा."

"हॉलात? तू?"

"गावात मांडव घालायचा तर भांडी न्हाईत, बुरूड गाव सोडून गेला, परटीण लेकीकडं गेली. एकल्यानं काय काय आनू? दत्तरावांनी सवलत दिली. चांगलं मानूस हाय." आश्रुबानं उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. जरा थांबला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "घरटी एक मानूस."

भुजंगरावांच्या उंबऱ्यावर आजवर कोणी असं आवतण ठेवलं नव्हतं.

"आमच्या घरालाबी?"

"समद्या गावाला तसंच हाय, दादा. तुमाला येगळं कसं सांगू?"

त्याच्या बोलण्यात डंख नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. आश्रुबा रामराम करून पुढच्या दाराला गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी भुजंगराव आंघोळ करून आले आणि चुलीपाशी बसलेल्या बहिणीला म्हणाले, "आक्का, आज चूल पेटवू नगा. आश्रुबाच्या घरचं लगीन हाय. त्यानं न्हाई म्हनलं तरी आपल्याकडून चूलबंद. तेवढं तरी करू."

नर्मदाबाईनं पाण्याची घागर खाली ठेवली आणि नणंदेकडं बघितलं. सरजाबाईंनी काटक्या मोडल्या, चुलीत सारल्या.

"आवतण एकाचं हाय, भुजंगा. तू जा, जेवून ये."

"आक्का, म्या काय म्हनतोय..."

"आयकलं म्या," त्या म्हणाल्या. त्यांनी काडी ओढली. "बोलावल्यावर चूल बंद ठिवली तर तो मान असतोय. न बोलावता ठिवली तर ते सुतक. दारावरून जानारं मानूस इचारील, कदमांच्या घरात कोन गेलं. काय सांगू त्याला?"

सरजाबाई वाकल्या आणि फुंकर घालायला लागल्या, आणि ओल्या काटक्यांचा धूर सगळ्या घरात भरला.